कोल्ड फ्लेअर

नाव फ्लेअर, पण ज्वाला नाही.
बुटीबोरीच्या अलीकडे, आमच्या प्लांटच्या मागच्या कोपऱ्यात
अठरा मीटरचा एक पाइप उभा आहे.
त्यातून आम्ही गॅस सोडतो, पेटवत नाही.
पेटवला असता तर दिसला असता.

व्हॉल्व्ह गळका, पायाची कडी मोडकी, अंगाला पोचा,
अशी सिलिंडरं माझ्याकडे येतात.
रिकामी म्हणून आलेली,
पण पुरती रिकामी कोणतीच नसतात.
हलवली की तळाशी डुचमळतं
कुणाच्या तरी सकाळचा एक चहा,
अर्धी भाकर.

अंगावर खडूनं लिहिलेलं असतं:
‘लावलं ता. ९’,
‘जयाकडचं, परत द्यायचं’.
एकावर लाल टिकली, आंघोळीआधी चिकटवून विसरलेली.
एकावर नुसत्या रेघा, चार उभ्या एक आडवी,
किती दिवस पुरतं याचा हिशेब.
सत्तेचाळिसाव्या दिवशी थांबलेला.
ओल्या फडक्यानं मी ते पुसतो,
नोझल लावतो, कॉक फिरवतो.

उरलेला गॅस खरं तर परत टाकीत ओढायचा असतो.
पण कॉम्प्रेसर बंद आहे.
पार्ट पुण्याहून यायचाय,
तीन दिवाळ्या झाल्या, येतोच आहे.
तोवर रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात मी लिहितो
वातावरणात सोडला.
रोज तेच दोन शब्द.
अक्षर सुधारलं माझं.

मला वाटायचं, वर जातो.
सोडलेलं सगळं वरच जातं,
धूर, कापूर, माणूस.
धुर्वे म्हणायचा, ‘आभाळ मोठं हाय बाप्पा, जाऊ दे.’

मे महिन्यात ऑडिटला एक मुलगी आली, रोशनी कोवे.
तोंडाला घट्ट पांढरा दुपट्टा, नुसते डोळे उघडे,
शेचाळीस डिग्रीत खांद्यावर कॅमेरा,
साध्या डोळ्याला न दिसणारं दाखवणारा.
‘बघा ना काका,’ म्हणाली.

पाइपाच्या तोंडातून काळं काही निघालं.
थोडं वर चढलं, थबकलं
काहीतरी घरी विसरल्यासारखं,
आणि खाली आलं.

हवेपेक्षा जड असतो.
ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं,
मी पेपरात लिहून मार्कही घेतले होते.
ते भिंतीवरून उतरलं,
तुराट्यांच्या ढिगावरून सरपटलं,
नाल्यात भरलं, काठोकाठ,
आणि पलीकडे झिंगरेच्या टपरीपासून
दहा पावलं अलीकडे विरलं.
टपरीवर स्टोव्ह जळत होता.
झिंगरे कुणाला तरी तर्री वाढत होता,
हसत होता.

‘रोज किती सोडता?’
आकडा मला पाठ होता.
मी म्हणालो, ‘उरलेलंच सोडतो, मॅडम.’
तिनं तेच लिहून घेतलं.

रात्री बेश्याला घरी
आई तिसऱ्या शिटीला गॅस बंद करते.
पुढचं वाफेवर शिजते, म्हणते.
सिलिंडर संपत आलं की
कोमट पाण्याच्या परातीत बसवते त्याला,
आजारी पोराचे पाय शेकावे तसं.
‘अजून दोन दिवस निघते,
काहून वाया घालवाचं?’

मी जेवतो.
माझ्या शर्टाला वास असतो,
तीनदा धुतला तरी असतो.
तो गॅसचा नाहीच. गॅसला वास नसतो,
माणसाला कळावं म्हणून मिसळलेला असतो.

आई घास घेता घेता थांबते.
‘गॅस गयते का रे कुठी?’
उठते. साबणाचा फेस करते,
रेग्युलेटरला लावते, नळीला लावते,
गुडघ्यावर हात ठेवून वाकते,
कान नेते जवळ.
वरण निवत राहतं.
मी काही बोलत नाही.

एकही बुडबुडा येत नाही.
‘नाही,’ ती म्हणते,
तरी खिडकी उघडते.